कॅनॉलच्या बाजूचा गोल

ब्रॅकनशॉ रोव्हर्स या फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायला दर काही वर्षांनी कुणी ना कुणी यायचं आणि ऑफिसातली माणसं त्याला क्लिफ एंटविसलकडे पाठवून मोकळी व्हायची. क्लिफ मैदानाचा ग्राउंड्समन, म्हणजे गवताची निगा राखणारा. ऐन तारुण्यात हातात फावडं घेऊन आत आला, तो गुडघे गेले तरी बाहेर पडला नव्हता. कापडगिरणीच्या कामगारांनी क्लब कसा काढला, तिसऱ्या डिव्हिजनपर्यंत घसरगुंडी कशी झाली, मग नवे मालक, लीगचं विजेतेपद, युरोपातला कप, हे सगळं आलेला माणूस उत्साहाने विचारायचा. क्लिफ थोडा विचार करून म्हणायचा, "त्या वर्षी पाणी फार साचायचं. निचराच नव्हता." आलेला माणूस चहा संपवून निघून जायचा.

खरं सांगायचं तर क्लिफने एकही सामना धड पाहिला नव्हता. त्याची नजर बुटांवर. कुणी घसरत जाऊन चेंडू काढला की स्टँडमध्ये टाळ्या पडायच्या आणि याला उखडलेलं गवत तेवढं दिसायचं. लीग जिंकली त्या दिवशी अख्खं गाव मैदानात घुसलं, लोकांनी खिशातल्या चाकूंनी गवताचे तुकडे कापून आठवण म्हणून घरी नेले. क्लिफ बाजूला उभा राहून ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो, खाली लिहिलेलं, आनंदाश्रू. त्याच्या बायकोने, मॉरीनने, तो फोटो फ्रिजवर लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून हसत राहिली.

फुटबॉल होता तो मॉरीनचा. बापाच्या खांद्यावर बसून ती पहिल्यांदा कॅनॉलच्या बाजूच्या स्टँडमध्ये आली, तेव्हापासून तिची जागा ठरलेली. क्लब रसातळाला गेला, स्टँडमध्ये माणसांपेक्षा कबुतरं जास्त दिसायला लागली, तेव्हाही ती तिथेच उभी. नवऱ्याशी तिची पहिली ओळखही गोलासमोरच्या चिखलावरून कठड्याआडून शिव्या घालताना झाली होती.

आमच्या गावात माणूस गेला की चर्च वगैरे नंतरचं. आधी प्रश्न पडतो, राख रोव्हर्सच्या कुठल्या गोलाजवळ टाकायची. सोमवारी सकाळी घरची मंडळी चांगले कपडे घालून बरणी घेऊन यायची. क्लिफ त्यांना नीट उभं करायचा. "वारा कॅनॉलकडून आहे, या बाजूला या, नाहीतर वडील डोळ्यांत जातील." मंडळी हसत, मग रडत, मग निघून जात. राखेने गवत जळतं, म्हणून त्यांची पाठ वळली की क्लिफ झाडू घेऊन ती पसरायचा आणि वर पाणी मारायचा.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण दर जूनमध्ये, सीझन संपला की मैदानाचा वरचा थर मशिनने खरवडून काढावा लागतो. ती माती ट्रकमध्ये भरून गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत भर म्हणून जाते, आणि मैदानावर नवी वाळू, नवं बी पडतं. म्हणजे ज्याला त्याला वाटे, आपला माणूस कायमचा गोलापाशी आहे, आणि तो पहिल्याच उन्हाळ्यात खाणीत गेलेला असे. वाढदिवसाला मुली यायच्या, कठड्याशी उभ्या राहून म्हणायच्या, "बाबांना इथून छान दिसत असेल, नाही?" क्लिफ मान हलवायचा. सुरुवातीला सांगून टाकावंसं वाटलं होतं, पण एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, आणि मग सांगायला तोंड राहिलं नाही. ट्रक निघाला की तो पाठ फिरवून हात धुवायला जायचा. ती खाण त्याने कधी पाहिली नाही.

मॉरीन आजारी पडली ती हिवाळ्याच्या तोंडाशी. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. पुढच्या खोलीत तिचा पलंग आणला, उशाशी रेडिओ ठेवला. एका शनिवारी रोव्हर्स हरल्यावर रेडिओ बंद करून ती म्हणाली, "क्लिफ, मला कॅनॉलच्या बाजूच्या गोलात टाक हं. पेनल्टीच्या ठिपक्याच्या जरा अलीकडे."

क्लिफ नुसतं "हं" म्हणाला. दिवसभर मैदान, संध्याकाळी तिचं सूप, औषधं, चादरी. अंगात त्राण उरत नव्हतं, आणि वरून हे. खरं सांगावं तर तिची शेवटची इच्छा मोडायची, न सांगावं तर जिच्याशी जन्मात खोटं बोललो नाही तिला फसवून पाठवायचं. कित्येक दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही.

शेवटी एका रविवारी दुपारी तो तिच्या पायांशी बसला.

"मॉरीन, एक सांगायचंय. आम्ही जूनमध्ये जे करतो ना..."

"माती खरवडता, ते?"

"तुला कुणी सांगितलं?"

"अरे, तुझ्या पँटी कोण धुतं? दर सोमवारी दुमडीतून राख निघते. निम्मं गाव आपल्या वॉशिंग मशिनमधून गेलंय. म्हातारा ग्रिमशॉ तर माझ्या हातून दोनदा धुतला गेलाय, जिवंतपणी त्याला तेवढं पाणी लागलं नसेल."

"पण ट्रक..."

"ट्रक काय लपून जातो? गावातून जातो. सगळ्यांना दिसतो. कुणी विचारत नाही, एवढंच."

क्लिफला हसावं की रडावं कळेना. एवढी वर्षं एकट्यानेच ओझं वाहिलं असं त्याला वाटत होतं. त्याला रागही आला.

"मग मी तुला मागच्या अंगणात ठेवतो. गुलाबाखाली. तिथून कुणी हलवणार नाही."

"आणि तिथून काय बघू? शेजाऱ्याची वाळत घातलेली अंडरवेअर?" तिला खोकला आला. त्याने पाणी दिलं. "मला गोलातच टाक. एक सीझन पुरे. जन्मभर मी एकेका सीझनचंच तिकीट काढत आलेय."

"आणि जूनमध्ये मशिन मी चालवू?"

"मग काय त्या नव्या पोरांना देणार? वाकडं काढतात रे ती."

ती जानेवारीच्या शेवटी गेली. म्हणजे एक सीझनही पुरता मिळाला नाही, अर्धाच. क्लिफने तिला सांगितल्या जागी टाकलं आणि त्यावर झाडू फिरवला नाही, पाणी मारलं नाही. मार्चमध्ये तिथलं गवत पिवळं पडलं. मॅनेजर येऊन म्हणाला, टीव्हीवर वाईट दिसतं, काय झालंय? क्लिफ म्हणाला, "बुरशी. जाईल आपोआप."

त्या वसंतात त्याने प्रथमच सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले, कॅनॉलच्या बाजूने, तिच्या जागेवर उभं राहून. रोव्हर्स इतके वाईट खेळले की विचारू नका. त्याच्या तोंडून तिच्याच शिव्या बाहेर पडल्या, तेव्हा शेजारचे चमकून बघायला लागले. फुटबॉल त्याला तरीही कंटाळवाणाच वाटला. पण घरी गेलं की तिथे कुणी नव्हतं, म्हणून तो शिट्टी वाजल्यावरही बराच वेळ उभा राहायचा.

जून आला. मशिन त्याने पलीकडच्या गोलापासून सुरू केलं. पोरं म्हणाली, आम्ही करतो, तुम्ही बसा. त्याने ऐकलं नाही. गुडघे ठणकत होते, मधे दोनदा थांबावं लागलं. कॅनॉलच्या गोलापाशी पोचेपर्यंत दुपार कलली होती. पिवळा तुकडा समोर आला. क्लिफने दात आवळले आणि मशिन पुढे नेलं, अगदी सरळ.

शेवटचा ढीग ट्रकमध्ये पडला. ड्रायव्हर बॅरीने फळी लावली, आत चढून इंजिन चालू केलं आणि खिडकीतून विचारलं, "खाणीत ना, नेहमीसारखं?"

"हो."

नेहमीसारखा क्लिफ हात धुवायला वळला, दोन पावलं गेला आणि थांबला. मग ट्रकला वळसा घालून पलीकडचं दार उघडलं आणि कण्हत कण्हत वर चढला. बॅरीने सीटवरचा जेवणाचा डबा घाईने उचलला.

"क्लिफ, तू कुठे निघालास?"

"तिच्याबरोबर," क्लिफ म्हणाला आणि दार ओढून घेतलं.