मल्लिनाथकाकांचा चोरटा दम

मल्लिनाथकाकांची आणि माझी पहिली ओळख मी त्यांच्या पोटरीला चावलो तेव्हा झाली. होटगीत स्टेशनामागच्या मैदानावर रविवारचा हुतूतू रंगला होता. काकांनी माझ्या अण्णांना खाली पाडलेलं बघून सहा वर्षांचा मी रागानं आत घुसलो. काका ओरडले नाहीत. अण्णांना म्हणाले, "भीमा, पोरगं तुझंच हाय बघ. पकड सुटंना."

त्या काकांची आता साठी होतेय, आणि त्यानिमित्तच्या या गौरव अंकात लिहायचा मान मला मिळालाय. मी सातवीतून शाळा सोडलेला, सहा नोकऱ्या बदलून आता मस्कतला परांची बांधायच्या कामावर आहे. चूकभूल मोठ्यांनी सांभाळून घ्यावी.

काकांचं किराणा दुकान आहे, घरी कानडी बोलतात. चाळीस वर्षं रविवारी दुपारनंतर दुकान बंद म्हणजे बंद. गिऱ्हाईक शटर वाजवतं आणि काका मैदानात असतात. अण्णा आणि ते शाळेपासूनचे दोस्त, पण एक भांडण कायमचं. काका दम चोरतात. म्हणजे चढाईत हुतूतू म्हणता म्हणता मध्येच गुपचूप दुसरा श्वास घेतात. पंचांना कधी कळलं नाही, अण्णांना दर वेळी कळलं.

मागच्या वर्षी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलतं करत राहा, नाहीतर कायमचं जाईल. आई "पाणी म्हणा, पाणी" म्हणायची, अण्णा भिंतीकडे तोंड फिरवायचे. मी काम सोडून गावी यायला निघालो, तर काका फोनवर म्हणाले, "शाळा सोडलास, मैदान सोडलास, आता हे तरी धरून ठेव की. घर चालाय पायजे. भीमाचं मी बघतो."

काका रोज संध्याकाळी यायचे. तीन महिने गेले, शब्द फुटला नाही. मग एक दिवस त्यांनी आमच्या अंगणात रांगोळीनं रेघ ओढली आणि अण्णांना पलीकडे खुर्चीत बसवलं. आई वैतागली, "भावजी, आजारी माणसापुढं हे काय मांडलंय?"

"वहिनी, तुमी फकस्त फोन धरा. पोराला बघू दे."

मी मस्कतला परांचीखाली उभा राहून फोनवर बघत होतो. काका मांडी थोपटत रेघेवर आले. "बा भीमा, बा," असं कानडीत बोलावलं आणि हुतूतू सुरू केलं. अण्णांच्या अगदी समोर जाऊन त्यांनी उघड उघड दम चोरला, अण्णांच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "मेलास. जा भाईर."

अण्णांचा डावा हात वर आला. ओठ वाकडे झाले, थरथरले.

"चो... चोर."

काका आईच्या हातातला फोन घेऊन गल्लीत पळाले. दारोदार सांगत सुटले, "भीमा मला चोर म्हनला. ऐकलं का, चोर म्हनला मला." मला फोनमध्ये नुसतं आभाळ आणि काकांचं धोतर दिसत होतं. इकडं माझे सोबती विचारत होते, कोण चोर सापडला?

आम्ही सगळे अण्णांशी लहान बाळाशी बोलावं तसं बोलत होतो. काका एकटेच त्यांच्याशी भांडले.

अण्णा आता एका वेळी चार-पाच शब्द बोलतात. त्यातले निम्मे काकांना शिव्या. काकांना जे खरं सांगायचंय, ते अजून अण्णांच्या तोंडी जुळत नाही. मल्लिनाथकाकांना ते सगळं शेजारी बसून ऐकण्याइतकं लांब आणि धडधाकट आयुष्य मिळो. अण्णा सावकाश बोलतात.