बाबांचा पिरॅमिड

मंडळी, बाबांना पिरॅमिड आतून बघायचा होता. इजिप्तला न्यायचं मी कबूल केलं होतं, पण आज त्यांना इथल्या मॉलमधला व्हीआर पिरॅमिड दाखवला.

डोळ्यांवर यंत्र चढवून बाबा बोळातून वाकून चालले. दगडी शवपेटी दिसताच थांबले आणि त्यांनी चपला काढल्या.

"आजोबा, इट्स फेक लाह!" इथे परदेशातच वाढलेली माझी लेक इथल्या बोलीच्या ढंगात म्हणाली आणि हसली.

"अगं, कुणाचं तरी थडगं आहे ना?"

मी ओशाळून म्हणालो, "बाबा, लोक बघतायत. चपला घाला."

चाचपडत चपला घालताना ते म्हणाले, "झालं बघून. आता इजिप्त नको."

मला चक्क सुटल्यासारखं वाटलं.

त्यांचं मन खरंच भरलं का, हे मी विचारलं नाही. "नाही" म्हणाले असते, तर न्यावं लागलं असतं. तुम्ही विचारलं असतं?