एकेचाळीस अनोळखी फाइली

मी पुसलेल्या फाइली अठ्ठावन्न होत्या. त्यांतल्या सतरा खरोखर घातक होत्या. उरलेल्या एकेचाळीस अक्कांच्या आवाजाच्या होत्या, आणि अक्का चार महिन्यांपूर्वी गेल्या होत्या.

अक्का म्हणजे धुळ्याच्या नानांच्या पत्नी, माहेर साक्रीकडचं. नाना निवृत्त शिक्षक. अहिराणी शब्दांची त्यांची एक छोटी वेबसाइट आहे आणि ती मी जळगावातून सांभाळतो. अक्कांच्या आजारपणात नाना त्यांच्याकडून एकेक शब्द वदवून घेत, मोबाइलवर टिपत आणि वेबसाइटवर चढवत. मोबाइलमधलं मग पुसून टाकत. वेबसाइटवर ठेवलेलं जात नाही, असं त्यांना मीच कधीतरी सांगितलं होतं. ते हे करताहेत, याचा मला मात्र पत्ता नव्हता.

उन्हाळ्यात वेबसाइटमध्ये कोणीतरी घुसलं. शब्दांच्या पानांवर औषधांच्या जाहिराती दिसू लागल्या. मी पासवर्ड बदलले, जुनं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं आणि ओळखीच्या नसलेल्या फाइली शोधल्या. के एस एल ई, जी एन जे अशी नावं. अनोळखी फाइल उघडायची नाही, हा माझा नियम. सगळ्या पुसल्या. आधी प्रत घेतली नाही, कारण नानांच्या लॅपटॉपवर वेबसाइटची प्रत उतरते, या भरवशावर मी होतो.

ती सोय माझीच. त्यांच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मी घातलं होतं. इंटरनेट मिळालं की तो आपल्यातल्या फाइली वेबसाइटशी ताडून पाहायचा. तिथे असेल ते उतरवायचा, तिथे नसेल ते पुसायचा. याला मी प्रत समजत होतो.

पुढच्या आठवड्यात नानांचा फोन आला. महिन्यापूर्वीच्या एका अपडेटनंतर वायफाय बंद होतं. लिनक्सच्या नव्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, वायफाय चालवणारा जुना प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, चालत नव्हता. मी पेन ड्राइव्हवर ड्रायव्हर घेऊन धुळ्याला गेलो. दोनदा जमलं नाही.

मी आलो ती एसटी मात्र वेळेवर आली होती. नाना हसले. "यष्टीना डायवर टाइमवर उना. तुना कोठे शे, भाऊ?"

तिसऱ्यांदा वायफाय लागलं. मला बरं वाटलं.

"आते ऐक," म्हणत नानांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "रोज सकाळे ऐकस मी. तुनी अक्का शे." त्यांनी फोल्डर उघडला. आत काही नव्हतं. त्यांनी तो बंद करून पुन्हा उघडला.

मग त्यांनी वही दाखवली. एकेका ओळीत एकेक शब्द, शेजारी फाइलचं नाव. कसाले, म्हणजे कशाला, के एस एल ई. गंज, म्हणजे पुष्कळ, जी एन जे. नाना दोन बोटांनी टाइप करतात, लांबलचक नावं त्यांना नको असतात. "कसाले?" असं माझी आई दिवसातून दहा वेळा विचारायची. ती चार अक्षरं एकदा तोंडाने म्हटली असती, तरी मला कळलं असतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. वेबसाइटवरच्या मी पुसल्या, आणि इथल्या आत्ता वायफाय सुरू केल्यामुळे गेल्या. दुपारभर त्या परत मिळवायचा प्रयत्न केला. एकही मिळाली नाही.

नानांनी वहीचं पहिलं पान उघडलं. मग म्हणाले, "तुना मोबाइल काढ. मी बोलस."

"कसाले," ते म्हणाले. मी टिपून ऐकवलं. त्यांनी मान हलवली. "ती असं नई बोले. आखो एकदाव."

अक्का त्यातला 'सा' ओढून म्हणायच्या. तो त्यांच्या माहेरचा होता, नानांच्या तोंडी बसत नव्हता. नऊ वेळा घेतलं. नवव्यांदा त्यांनी ऐकवायलाही सांगितलं नाही. वही मिटली आणि माझ्या बसची वेळ विचारली.