आईचं पुस्तक परत आणायला चितेगाव आणि पाचोड

"पुस्तक आलं का गं?" असं आई गेले आठ महिने दर रविवारी विचारत होती. एका रविवारी तिनं ते जेवताना विचारलं, घास तसाच हातात धरून. मग मी उठले आणि मोबाइलवर नाशिक ते छत्रपती संभाजीनगर एसटीचं आरक्षण करून टाकलं.

पुस्तक म्हणजे 'निळीचं पातेलं' नावाची जुनी कादंबरी. या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माहीत आहे, दर महिन्याला मी दोन पुस्तकं सुचवते. एक गोष्टीचं, एक खऱ्या घडलेल्याचं. या कादंबरीबद्दल मी लिहिलं होतं, "शांत, मायाळू. कुणाच्याही हातात बिनधास्त द्यावी." त्याखाली चितेगावच्या सुनंदानं लिहिलं की कुठंच मिळत नाही, आमच्या मैत्रिणींना वाचायची आहे. माझ्याकडची प्रत आईची होती. माझ्या चौदाव्या वर्षी तिनंच मला ती वाचायला दिली होती. "देऊ नकोस ते कुणाला," आई म्हणाली. मला वाटलं, म्हातारपणी जीव गुंततो वस्तूंमध्ये. मी पाठवून दिलं.

बस येवला, वैजापूर करत पाच तासांत पोचली. रस्ता बरा आहे, वैजापूरनंतर थोडे हादरे. क्रांती चौकाजवळ लॉज घेणार असाल तर मागच्या बाजूची खोली मागा, पुढच्या खोलीत रात्रभर हॉर्न झोपू देत नाहीत. मी अर्थातच पुढची घेतली होती. जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी मिळाली. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ. त्या आमटीसाठी पुन्हा जाईन.

दुसऱ्या दिवशी पैठण रस्त्यानं चितेगाव. शेअर रिक्षा मिळते, पण चौथी सवारी म्हणून बसू नका, अर्धं अंग बाहेर राहतं. सुनंदा रस्त्यापर्यंत घ्यायला आली होती. पस्तिशीची, उंच, भरभर चालणारी. ती आणि तिच्या मैत्रिणी तिथल्या एका कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावण्याच्या कामावर आहेत. पहिली पाळी सुटून पाच जणी तिच्या घरी जमल्या होत्या. चहा झाला, पोहे झाले, माझ्या साडीची चौकशी झाली. मग सुनंदानं कॉटखालून पत्र्याची पेटी ओढली आणि पुस्तक माझ्यासमोर ठेवलं.

म्हणजे पुस्तकं ठेवली. पातळ, वहीएवढी. प्रत्येकाला जुन्या कॅलेंडरचं कव्हर, वर मार्करनं आकडा. मी एक उघडलं. आईच्या पुस्तकाचं पान एकशे बारा.

पुस्तकाची पाठ कापून, दोरा उसवून त्यांनी कादंबरीचे तुकडे केले होते.

"हे काय केलंत तुम्ही?"

"पुस्तक केलं, ताई," मंगल म्हणाली. ती त्यांच्यातली सगळ्यात थोराड, पान खाणारी.

"पुस्तक होतंच की."

"व्हय, पण एकीचं होतं. आता नऊ जणींचं झालं."

सुनंदा घाईनं समजावू लागली. तीन पाळ्या. एकीनं वाचून दुसरीला द्यायचं तर वर्ष जातं. म्हणून नऊ भाग. जिच्या वाट्याला पाचवा येईल तिनं पाचव्यापासून सुरू करायचं, आणि आधीचं काय झालं ते कंपनीच्या बसमध्ये दुसरीला विचारायचं. "सगळी बस ऐकती. ड्रायव्हर तर गाडी हळू चालवायलाय आता."

त्या पुस्तकं सुचवतातही भागांनी. मी सुचवलेलं एका नर्सबाईंचं आत्मकथन त्यांनी असंच कापलंय. लग्न ठरलेल्या मुलीला त्याचा तिसरा भाग द्यायचा. दुसरा नवऱ्याला वाचून दाखवायचा, "पण जेवण झाल्यावर. आधी वाचला तर जेवतच नाय ते." मी हसले, पण डोळे त्या तुकड्यांवरून हटेनात. आईला काय सांगू, एवढंच मनात होतं. निदान सगळे भाग घेऊन जावं, नाशकात कुणी बांधणारा गाठावा.

मोजले. आठ निघाले.

"सहावा कावेरीकडंय," सुनंदा म्हणाली. "बाळंतपणाला पाचोडला माहेरी गेलीय. लई मागणी त्याला. ती चिकटलेली पानं त्यातच हायेत ना."

ती पानं मला ठाऊक होती. बारा पानं, एकमेकांना घट्ट. लहानपणी मी ओढायला गेले तेव्हा आई म्हणाली होती, पावसात भिजून चिकटलीत, ओढू नकोस, फाटतील. गोष्ट एका सकाळी थांबते आणि चिकटलेल्या पानांनंतर त्याच रात्री सुरू होते. काही तुटल्यासारखं कधी वाटलंच नाही.

"ती वाचता येत नाहीत," मी म्हणाले.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"वाफेवर धरली," मंगल म्हणाली. "तिरपं लागलेलं लेबल आम्ही रोज तसंच काढतो. आन् ताई, पावसानं नव्हती चिकटली ती. खळ होती. कडेकडेनं, पट्टीनं वढल्यावानी. एवढी सरळ लावली आसती तर आमचा सुपरवायझर पाया पडला आसता."

मंगलनं पानाची पिंक टाकून येऊन विचारलं, "म्हंजी तुम्ही वाचलीच नाय ती?"

"नाही."

"मग लोकाला सुचवलं कसं?"

सुनंदानं तिला कोपर मारलं. पण प्रश्न बरोबर होता. काय आहे त्या पानांत, असं मी तीनदा विचारलं. कुणी सांगितलं नाही. "वाचा," एवढंच. आठ भाग मात्र सुनंदानं माझ्या पिशवीत भरून दिले.

वेरूळला जायचं ठरवलं होतं, ते राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाचोडची बस धरली. दीड-एक तास, दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा. त्या दिवशी तिथला आठवडी बाजार होता. कावेरीची आई बाजारात मिरच्या विकायला बसली होती. तिनं एका गिऱ्हाईकाला थांबवून मला घराचा रस्ता दाखवला. "तिला जरा बोलतं करा," ती म्हणाली. "भिंतीकडं तोंड करून बसती दिवसभर."

कावेरी बावीस-तेवीसची. मांडीवर अडीच महिन्यांची मुलगी. मी कोण ते सांगितल्यावर ती उठली, मुलगी माझ्याकडे दिली आणि गव्हाच्या डब्यातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सहावा भाग काढून आणला.

तो मी तिच्या उंबऱ्यावर बसून वाचला. कादंबरीची नायिका, जी मला तीस वर्षं मायेचा पुतळा वाटत आली, ती त्या सकाळी तीन महिन्यांचं बाळ पाळण्यात ठेवून बाहेर पडते. एसटी स्टँडवर जाऊन बसते. एक गाडी जाते, दुसरी जाते. बाळाचा आवाज पुन्हा ऐकायचा नाही, एवढी एकच गोष्ट तिला हवी असते. ती तसं स्वच्छ शब्दांत स्वतःशी म्हणते. तिसरी गाडी गेल्यावर ती उठून घरी येते. कुणाला कळत नाही. पुढं रात्री ती बाळाला न्हाऊ घालते. ते पान मला पाठ आहे, लोकांना मी ते वाचूनही दाखवलंय, आईपणाचं किती सुंदर चित्र म्हणून.

बारा पानं संपली. पुस्तक कापलेलं पाहून बसलेला धक्का आता धक्काच वाटेना.

"खळ कुणी लावली, कळलं का?" कावेरीनं विचारलं.

"आईनं असेल. माझ्या."

"काहून?"

"माहीत नाही."

तिनं मुलीचं दुपटं सारखं केलं. बराच वेळ करत राहिली. मग म्हणाली, "मी बी गेले व्हते एकदा. थांब्यापत्तर. आई बाजारात व्हती. कुणाला सांगितलं नाय. हे वाचलं तवा वाटलं, मी एकटीच नाय आशी."

सहावा भाग मी तिच्या हातात परत ठेवला. तिचा नंबर घेतला, निघताना बाजारात तिच्या आईला सगळं नाही, पण हिला एकटी ठेवू नका आणि दवाखान्यात न्या, एवढं सांगितलं. बस लागली तेव्हा माझ्या पिशवीत आठ भाग होते.

घरी पोचले तेव्हा आई खुर्चीत होती. मी भाग तिच्यासमोर मांडले. तुकडे बघून ती ओरडेल अशी तयारी केली होती. तिनं फक्त आकडे वाचले.

"सहावा?"

"एका मुलीकडं ठेवलाय. पानं सुटली, आई. मी वाचली."

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. "खळ मीच लावली," ती म्हणाली. "पुस्तक तुला द्यायचं होतं. चांगलं आहे ते. पण हे वाचून तू येऊन विचारलं असतंस, 'आई, असं कधी असतं का?' आणि त्यावर मला तुझ्याशी खोटं बोलता आलं नसतं."

"असतं का?" मी विचारलं.

"स्टँड लांब होतं आपल्यापासून. मी पिठाच्या गिरणीपर्यंत गेले. दळण नव्हतंच. दुपारभर बसून राहिले तिथं."

"मी कुठं होते?"

"पाळण्यात."

मी शेहेचाळीस वर्षांची आहे. रडायला यावं की राग यावा, हेही मला ठरवता येईना. पुस्तकं सुचवणारी बाई म्हणून लोक मला ओळखतात आणि घरातलं एक पुस्तक मी तीस वर्षं अर्धवट वाचून मिरवत होते. 'शांत, मायाळू' हे दोन्ही शब्द मी त्या जुन्या लेखातून काढलेत. त्यांच्या जागी काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही. कादंबरी मात्र शोधा, मिळाली तर वाचा. याहून खरं पुस्तक माझ्याकडे नाही.

आईनं पुढं माझ्याबद्दल काही विचारलं नाही. तिनं विचारलं, "ती मुलगी. दिवसभर एकटी असते का?"

"तिची आई बाजारात जाते तेव्हा असते."

"फोन लाव तिला."

मी लावला. कावेरीनं उचलल्यावर आईनं फोन कानाशी घेतला, "मी हिची आई बोलतेय" म्हणाली, आणि हातानं मला खोलीबाहेर जायची खूण केली.