गाळलेलं पान

वाचायला काहीतरी सुचव, असं कुणी म्हटलं की मी एक जुनी चिनी कादंबरी सुचवते. जाडजूड आहे, अनेक भागांची आहे, आणि तिच्यात तलवारी, शपथा आणि छपरांवरून उड्या मारणारी माणसं आहेत. एवढं ऐकूनच समोरच्याचा चेहरा पडतो. माझाही पडला होता.

मला ती सुचवली ऑफिसातल्या एका चिनी मैत्रिणीने. जर्मनीत एर्लांगेनला आम्ही दोघी एकाच टीममध्ये आहोत, एक्स-रे यंत्रांचं सॉफ्टवेअर तपासतो. त्या दिवशी जेवताना मी तिच्यापाशी घरचं रडगाणं गात होते. मागच्या वर्षी सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांचं बोलणंच आटलं. हवापालट व्हावा म्हणून त्यांना अमरावतीहून उन्हाळ्यात इकडे आणलं, तर दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरच्या सायकली बघत राहतात. लेकीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं ते जर्मनमध्ये. त्यामुळे आजोबा आणि नात एकाच सोफ्यावर बसतात आणि दोघांमध्ये चकार शब्द होत नाही. माझं ऐकून मैत्रीण म्हणाली, तिची आणि तिच्या आजोबांची गट्टी याच कादंबरीवर जमली होती, आणि जर्मन भाषांतर लायब्ररीत मिळेल. दुखणं काय आणि ही औषध काय देतेय, असं मला वाटलं. तरी आणली.

लेकीने पहिल्या भागाचा दोन-तीन दिवसांत फडशा पाडला. बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, बॅगेत मात्र पांढऱ्या कापडात बांधलेला ग्रंथ तसाच पडून होता. पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, अमरावतीला आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि वाचायचे ते बाबाच. आवाज असा की माइकची गरज नाही. यंदा वर्षावास सुरू झाला तरी त्यांनी कापडाची गाठ सोडली नाही. बाबा, आम्हालाच वाचून दाखवा ना, असं मी एकदा म्हणून पाहिलं. घसा बरा नाही म्हणाले. घसा ठणठणीत होता. सासूबाई गेल्याचं त्यांच्या आत काहीतरी अडकून बसलं होतं आणि ते एकदा बाहेर यावं, कुणापाशीही का होईना, एवढंच मला हवं होतं. माझ्यापाशी ते येणार नव्हतं हे मला कळत होतं, आणि त्याचं वाईटही वाटत होतं.

एका संध्याकाळी त्यांनी नातीला विचारलं, एवढं काय वाचतेस. तिने आधी जर्मनमध्ये सांगितलं, मग अर्धं मराठीत आणि अर्धं हातवारे करून. बाबा म्हणाले, असं नाही, नीट वाचायचं. आणि विहारातले सगळे नियम त्यांनी आमच्या बैठकीत लागू केले. हातपाय धुवायचे. पांढरी चादर अंथरायची. पुस्तक जमिनीवर ठेवायचं नाही, म्हणून माझ्या कुंडीखालचं स्टूल गेलं. आधी परिच्छेद वाचायचा, मग त्याचा अर्थ सांगायचा. घेतलेलं प्रकरण अर्ध्यात सोडायचं नाही. आणि ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा, म्हणजे वाचणाऱ्याला हुरूप येतो.

एका रविवारी मैत्रीण घरी आली आणि तो थाट बघून हसून हसून बेजार झाली. शाळेत ही पुस्तकं बाकाखाली लपवून वाचावी लागायची, बाई जप्त करायच्या, असं तिने सांगितलं. मग तीही हातपाय धुऊन चादरीच्या कडेला बसली.

लेकीचं मराठी म्हणजे दिव्यच. "त्याने तलवारला पकडला आणि तो बाई पळाली," असं काहीतरी चालायचं. बाबांनी एकदाही चूक काढली नाही. फक्त "हं, मग?" म्हणायचे.

असं करत ते खिंडीच्या प्रकरणापर्यंत आले. म्हाताऱ्या तलवारबाजाने खिंड राखायचा शब्द दिलेला असतो. पहाऱ्यावर असताना घरून निरोप येतो की बायको आजारी आहे. मी जवळच गवार मोडत बसले होते. लेकीने पान उलटलं आणि एकदम वसंत ऋतू आला, फुलं आली.

"पान गाळलंस," बाबा म्हणाले. त्यांना चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही, पण जन्म वाचण्यात गेलेला. "दोन पानं एकदम उलटलीस. वाचणाऱ्याने गाळायचं नसतं."

लेकीने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "त्यात त्याची बायको मरते, आजोबा. तुम्हाला रडायला येईल."

एकही जर्मन शब्द नव्हता.

"येऊ दे. वाच."

तिने वाचलं आणि अडखळत अर्थ सांगितला. तो शब्द मोडत नाही, सकाळपर्यंत खिंडीतच थांबतो. मग बर्फातून घरी पोचतो. दार उघडं असतं आणि चूल थंड. यावर बाबांचा हुंकार आला नाही. ती थांबली.

"मीही वाचत होतो," बाबा म्हणाले. "विहारात. शेजारीण निरोप घेऊन दारात आली, हिच्या छातीत दुखतंय म्हणून. प्रकरणाची थोडीच पानं राहिली होती. अर्ध्यात उठायचं नसतं, म्हणून पुरं केलं."

हे त्यांनी आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं, पोटच्या मुलालाही नाही. बाबा, तुम्ही लगेच उठला असता तरी कदाचित काही झालं नसतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ते माझ्याशी बोलत नव्हते.

लेकीने पुस्तक मिटून स्टुलावर ठेवलं. ती त्यांच्याजवळ सरकून बसली.

"हं," ती म्हणाली. "मग?"

आणि बाबा सांगू लागले.