डॉट व्हॅन्डरमार्कची उन्हातली परीक्षा

आमच्या तळ्याकाठच्या गावात गेल्या पंचवीस वर्षांत जेवढी लग्नं लागली, त्यांतल्या निम्म्यांची वाईन डॉट व्हॅन्डरमार्कने निवडली. आणि ही बाई स्वतः घरी काय पिते? बिअर. तीही कॅनमधून, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या. ‘बाहेर बोलू नकोस’ म्हणून तिने मला बजावलं होतं. मी तीस वर्षं या गावात टपाल वाटलं. माझ्यापाशी ठेवलेली गोष्ट घरोघरी पोचते, हे तिला तरी कळायला हवं होतं.

तिचं दुकान मेन स्ट्रीटवर, न्हाव्याच्या शेजारी. लग्न ठरलेलं जोडपं आत आलं की वाईनबद्दल ती अक्षर काढत नाही. विचारते, “हॉल की तंबू? महिना कुठला? जेवायला काय? कुठल्या काकाला लवकर चढते?” मग पाच-सहा बाटल्या कागदी पिशव्यांत घालून दुकानामागे आपल्या पिकअपच्या बॉनेटवर मांडते. भर दुपारी, अर्धा तास. नंतर त्या प्लास्टिकच्या पेल्यांतून चाखायला देते. वायनरीवाले यावरून तिला शिव्या घालतात.

तिला हे शहाणपण तिच्याच लग्नात आलं. तिने आणि तिच्या नवऱ्याने मार्च महिन्यात, अंगावर कोट घालून, थंडगार तळघरात वाईन चाखली आणि ऑगस्टमध्ये तंबूत वाढली. पाहुण्यांनी ती गुपचूप कुंड्यांत ओतली. त्या वर्षी कुंड्यांतल्या जिरेनियमनी मान टाकली, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच.

गेल्या जूनमध्ये टेसा क्रॉस्बी तिच्याकडे आली. डोळे सुजलेले. लग्न ऑगस्टमध्ये, तळ्याकाठी, तंबूत.

“आजोबा म्हणतायत, त्यांची वाईन नसेल तर ते लग्नाला येणार नाहीत.”

“आणि तुझं म्हणणं काय?”

“लग्नाच्या वेदीपर्यंत ते मला हात धरून नेणार होते, डॉट. दुसरं कोण नेणार?”

टेसाचे आजोबा म्हणजे ऑरिन क्रॉस्बी. चाळीस वर्षं आपल्या मळ्यातल्या कटॉबा द्राक्षांची गुलाबी, गोड वाईन करतोय आणि नाताळात साऱ्या गावाला वाटतोय. टेसाच्या होणाऱ्या नवऱ्याचे मित्र शहरातले. त्यांना गोडाचं नाव नको. त्यांना कोरडी, म्हणजे बिनगोडाची, पांढरी रीझलिंग वाईन हवी.

डॉटने ऑरिनला फोन लावला. “शनिवारी दुपारी ये. सगळ्या वाईन झाकून ठेवते. तुझी जिंकली तर तीच वाढू.”

“जिंकणारच!” ऑरिन म्हणाला. “पण बाई, तू लबाडी करशील.”

“बाटल्या पिशव्यांत तुझा मित्रच घालेल. मग तर झालं?”

मित्र म्हणजे मी. ऑरिनचा माझ्यावर विश्वास होता, हे त्याचं दुर्दैव.

शनिवारी ऊन असं होतं की बॉनेटवर अंडं तळून निघालं असतं. ऑरिन इस्त्रीचा शर्ट घालून आला. पहिली चाखली, मान हलवली. दुसरी, तिसरी. चौथा घोट तोंडात गेला आणि त्याने तो तसाच गवतावर थुंकला.

“शी! हे काय, खोकल्याचं औषध? कोणी केलंय हे?”

डॉटने पिशवी काढली. बाटलीवर त्याच्याच हातचं अक्षर होतं.

टेसाने तोंडावर हात ठेवला. मी आकाशात ढग शोधू लागलो. ऑरिनने बाटली उचलली, फिरवली, खाली ठेवली.

“तू बाटली बदललीस,” तो मला म्हणाला.

“अक्षरसुद्धा?” मी विचारलं.

“गप्प बसा दोघं,” डॉट म्हणाली. “ऑरिन, तू ती घरी कुठून काढून पितोस?”

“विहिरीच्या खोलीतून.”

“म्हणजे बर्फासारखी. तशी ती छानच लागते, मी प्यायलेय. पण तंबूत रात्रभर टेबलावर ठेवलीस, तर माझ्या लग्नासारखं होईल. लहान पेले घेऊ. बर्फातून काढायची, सगळ्यांच्या हातात द्यायची, वधूवरांच्या नावाने एका घोटात संपवायची. सगळ्यात आधी तुझी. मग पोरांना काय हवं ते पिऊ देत.”

“सगळ्यात आधी?”

“सगळ्यात आधी.”

“पण बर्फावर लक्ष कोण ठेवणार? या शहरी पोरांना काय कळतंय!”

“तूच ठेव. म्हणजे यावंच लागेल तुला.”

टेसाने जाऊन त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही.

लग्नात ऑरिनने नातीला हात धरून नेलं आणि विधी आटोपताच थेट दुधाच्या जुन्या टबाशी जाऊन उभा राहिला. टबात बर्फ, बर्फात बाटल्या. नवऱ्या मुलाच्या साहेबांनी एका बाटलीला हात घातला.

“हात काढा,” ऑरिन म्हणाला. “अजून दहा मिनिटं.”

साहेबांनी काढला. दहा मिनिटांनी एकशे चाळीस लोकांनी एका घोटात पेले रिकामे केले, आणि त्याच साहेबांनी ऑरिनपुढे पेला पुन्हा धरला. ऑरिनने तो भरला, पण जरा वेळ लावून.

त्या शनिवारी मी बाटली बदलली, असं तो अजून साऱ्या गावाला सांगतो. सांगू दे. लग्नात सगळे पेले रिकामे करत होते, तेव्हा डॉट तंबूच्या मागे होती. हातात कॅन.