कुंकू लागलेला कॅमेरा

मी कॅमेरा घेतला तेव्हा सगळ्यात जास्त हसल्या त्या माझ्याकडे ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्या बाया. दिंद्रुडपासून दोन कोसांवर आमचं गाव. घरटी दोन-तीन मोबाइल, आणि एकेका मोबाइलला पाठीमागं तीन-तीन डोळे. "फोन असताना हा डबा कावून घेतलास?" असं प्रत्येकीनं विचारलं. मी सांगायचे, "फोनला रेंज लागती, ह्याला लागत न्हाई." ते काही खरं उत्तर नव्हतं, पण त्यांची तोंडं बंद व्हायची.

खरं उत्तर असं की माझ्या फोनची काच फुटलेली. त्यात फोटो काढला की माणसं धुक्यात उभी असल्यासारखी दिसत. शिवाय फोन समोर धरला तर बाया बोलतच राहतात, आणि कॅमेरा धरला की पदर सावरतात, ताठ बसतात. हे मी गावातल्या लग्नांमध्ये लांबून पाहिलं होतं. लांबूनच, कारण माझी जागाच तिथं होती.

माझे मालक जाऊन सहा वर्षं झाली. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागला. त्या दिवसापासून हळद असो, ओटी असो, बांगड्या भरणं असो, मी उंबऱ्याशी. कुणी हाकललं असतं तर भांडले असते, भांडायला मी कुणाला हार जात नाही. पण "तू बस तिकडं, दमली असशील" असं गोड बोलून बाजूला बसवतात, त्याला काय उत्तर द्यायचं? सहा वर्षं मी न दमता बसून होते.

बीडच्या दुकानातल्या माणसानं दोन-तीन कॅमेरे दाखवले आणि त्यातला एक लहानसा, साबणाच्या वडीएवढा, माझ्या हातात दिला. "शिकणाऱ्याला हाच बरा, ताई. बटणं कमी, झूम भारी." असं म्हणून त्यानं दाराशी उभं राहून रस्त्यापलीकडच्या रसवंतीवाल्याचं तोंड पडद्यावर एवढं जवळ आणलं की त्याच्या मिशीतला पांढरा केस दिसला. बाकीचं तो काय बोलला ते मला काही कळलं नाही. लांब उभं राहून जवळचं दिसतं, एवढं कळलं आणि मी तो घेतला. दोन लग्नसराईतली शिलाई त्यात गेली, पण ती माझी होती.

मला लांबून कोण बघायचं होतं तेही सांगते. माझी थोरली जाऊ आणि दीर दर वर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. त्यांची मुलगी दुसरीत होती तेव्हापासून ती सहा महिने माझ्याजवळ राहायची. मला मूल नाही. तिच्या वेण्या मी घातल्या, तिच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या पोटात दुखलं, तिला पहिल्यांदा साडी मीच नेसवली. आता तिचं लग्न ठरलं होतं, मे महिन्यातलं. तिच्या हळदीत आई असेल, आजी असेल, गावच्या सवाष्णी असतील, आणि मी उंबऱ्याशी असेन. झूम असला तर निदान तिचं तोंड जवळून बघता येईल, एवढंच मला हवं होतं.

त्या हिवाळ्यात मी तिच्यावरच शिकले. पहिले आठ दिवस मी तिचं डोकं कापलं. मग कॅमेऱ्याची दोरी मध्ये यायला लागली. मग सूर्य पाठीमागं घेऊन मी तिला इतकी काळी केली की ती म्हणाली, "काकू, नवऱ्याकडच्यांना हा दावू नको, लग्न मोडंल." बटण आधी अर्धं दाबायचं, चौकोन हिरवा होईपर्यंत दम धरायचा आणि मग पूर्ण दाबायचं, हे आम्ही दोघी शेळीवर तालीम करून शिकलो. शेळी दम धरत नाही, त्यामुळं हात लवकर बसला.

फोटो कागदावर काढून घ्यायला मी माजलगावला गेले. स्टुडिओतल्या वयस्कर माणसानं सगळे फोटो टेबलावर मांडले, चष्मा वर केला, परत खाली केला.

"ताई, तुमी कुठं उभ्या राहता?"

"कुठं म्हंजे?"

"सगळे फोटो लांबून ओढून काढलेले हायत. हाललेले, पिठुळ. झूम सोडा, पाय वापरा. डोंगर दुरून साजरे असतेत, माणसं न्हाईत. पुढं जावा."

मला त्याचा असा राग आला की परतीच्या एसटीत मी शेजारच्या बाईशी जागेवरून उगाच भांडले. पुढं जा म्हणायला त्याचं काय जातंय, असं वाटलं. राग अशासाठी की तो फोटोबद्दल बोलत होता आणि खरं बोलत होता. मुलगी एकटी घरात असतानासुद्धा मी तिचे फोटो दारात उभी राहून काढले होते. सवयच लागली होती मला.

मार्च सरता सरता जाऊ आणि दीर आले आणि घरात लग्नाची गडबड सुरू झाली. हळदीत पुरुष फोटोवाला नको, बाया लाजतात, असं जावेनंच काढलं. "घरचाच कॅमेरा हाय, हिलाच काढू द्या," असं ती सगळ्यांसमोर म्हणाली, आणि मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाली, "उंबऱ्यापाशी उभी राहून काढ हां. मला काई वाटत न्हाई, पर लोकं बोलतेत." मी "बरं अक्का" म्हणाले. मला तेवढंच हवं होतं ना! तरी त्या दिवशी मी दोन ब्लाऊजना बाह्या उलट्या लावल्या.

हळदीचा दिवस उजाडला. आमच्याकडं हळद दळायच्या आधी जात्याची पूजा होते. मुसळाला, सुपाला, चुलीला, लग्नाच्या कामाला लागणाऱ्या प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लावतात. ते काम सासूबाईंचं. सासरे पांढरी टोपी घालून ओसरीवर बसलेले आणि सासूबाई ताट घेऊन घरभर फिरत होत्या. मी आंघोळ करून आले तर माझा कॅमेरा शिलाई मशीनवर, तांदळाच्या पाच दाण्यांवर बसवलेला. वर पानसुपारी. आणि जिथून भिंग बाहेर येतं त्या झाकणीवर ओल्या हळदीचं बोट आणि त्यावर रुपयाएवढं कुंकू.

"आत्याबाई, हे काय केलं?"

"लग्नाच्या कामाची वस्तू ती. तिलाच कोरडी कावून ठिवायची? कपाळ लई हुडकलं, घावंना. मग डोळ्यावरच लावलं."

मी बटण दाबलं. झाकणीच्या दोन पापण्या अर्ध्या उघडल्या आणि अडकल्या. मी मशीन साफ करायचा ब्रश घेतला, सुई घेतली, मलमलीचा तुकडा घेतला आणि श्वास रोखून कुंकू काढत बसले. अर्ध्या तासानं भिंग बाहेर आलं. पण झूमला बोट लावलं की आतून कर्रर्र आवाज यायचा आणि कॅमेरा आपोआप मिटायचा. तीनदा केलं, तीनदा मिटला. झूम सोडून दिला तर मात्र फोटो नीट निघत होता.

"मिनं बिघडीवला का गं?" सासूबाई शेजारी उभ्या राहून विचारत होत्या.

"बिघडवला न्हाई, पार बसवला!" मी म्हणाले.

त्या ताट घेऊन आत गेल्या. मला लगेच वाईट वाटलं, पण शब्द तोंडातून गेला होता. म्हातारीनं मायेनं केलं होतं. घरात आलेल्या माझ्या एकटीच्या वस्तूला तिनं जात्याच्या पंगतीला बसवलं होतं, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

दुपारी मांडवात मुलगी पाटावर बसली. पाच सवाष्णी भोवती बसल्या, गाणी सुरू झाली. मी उंबऱ्याशी उभी राहून पहिला फोटो काढला आणि पडद्यावर बघितलं. सगळ्या मुंगीएवढ्या. त्यात माझी मुलगी कोणती ते मलाच शोधावं लागलं. दुसरा काढला, तो तसाच. पाठमोऱ्या बायांच्या पाठी, आणि मधे कुठंतरी पिवळं. ती मान वर करून मला शोधत होती, कारण सहा महिने आम्ही याच फोटोंचं बोललो होतो. मला रडू फुटायला आलं. रडत उभी राहिले तर मंगल कार्यात रडते म्हणून त्यालाही नावं ठेवतील.

मग मी चपला काढल्या आणि चार पावलं पुढं गेले.

"अगं अगं, तू कावून पुढं?" चुलत सासूबाईंचा आवाज. गाणं थांबलं. ढोलकी एकटीच दोन ठेके वाजली आणि तीही थांबली. मी, जी बस कंडक्टरला गप्प करते, ती कॅमेरा छातीशी धरून उभी राहिले.

मागून सासूबाई आल्या. हातात हळदीची वाटी. "माझ्यामुळं ते यंत्र लांबचं धरंना," त्या म्हणाल्या. "आन् त्याला मिनं सकाळी सोताच्या हातानं हळदकुंकू लावलंय. कॅमेरा सवाष्ण हाय! त्याला अडवू नका. आन् त्यो काई एकटा चालत येनार न्हाई."

आधी एक बाई हसली, मग सगळ्याच. चुलत सासूबाईंनी नाक मुरडलं, पण पदरामागं त्याही हसत होत्या. जाऊ हसली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, खाली बघितलं, आणि सतरंजीवर सरकून जागा केली. "बस हितं. हितनं नीट दिसंल."

जवळ गेल्यावर जे दिसलं ते कोणत्याही झूममधून दिसलं नसतं. मुलीच्या कानाच्या पाळीमागं राहिलेली कोरडी जागा. तिच्या पापणीवर चिकटलेला हळदीचा कण. आणि जावेचे हात. कोयत्यानं आणि उसाच्या पाचटानं चिरलेले, त्या चिरांमध्ये हळद भरलेली. वाढवलं मी आणि मिरवणार ही, असं मी मनात कितीदा म्हणाले होते, ते मला त्या हातांचा फोटो काढताना आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली. तो फोटो मी दोनदा काढला.

शेवटी मुलगी म्हणाली, "काकू, आता तू लाव की."

मी चुलत सासूबाईंकडं बघितलं नाही, जावेकडं बघितलं. जावेनं वाटी पुढं केली. माझ्या हातात कॅमेरा होता, तो कुठं ठेवावा कळेना. सासूबाईंनी तो माझ्या हातातून घेतला. "दे हिकडं, मी धरते. कुठं दाबायचं असतंय?"

"आधी अर्धं, मग पुरं."

"अर्धं-बिर्धं मला काई जमत न्हाई," म्हणून त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. फ्लॅश पडला आणि त्या स्वतःच दचकल्या.

माजलगावच्या स्टुडिओवाल्यानं लग्नानंतर फोटो मांडले, चष्मा वर केला आणि या वेळी परत खाली केला नाही. "आता कशा पुढं गेलात," म्हणाला. मी म्हणाले, "नेलं मला." झूम दुरुस्त करून देतो म्हणाला, तर मी नको म्हणाले. गेल्या महिन्यात गावातल्या दोन हळदींना मला बोलावणं आलं. दोन्ही घरांत आधी कॅमेऱ्याला कुंकू लागलं, आता मी ते पाठीमागच्या बाजूला लावायला सांगते.

त्या दिवशी स्टुडिओतून निघताना त्यानं एक फोटो बाजूला काढला. "ह्यो गेला वाया. ह्यात बाईचं डोकंच कापलंय."

तो सासूबाईंनी काढलेला होता. मी तो त्याच्या हातातून घेतला. माझं डोकं नव्हतं, खरंच. मुलीचं तोंड होतं, डोळे मिटून हसणारं, आणि तिच्या दोन्ही गालांवर माझे दोन्ही हात, मनगटापर्यंत पिवळे.

"हाच मोठा करून द्या," मी म्हणाले.